गच्ची, माळ आणि रांग : ज्योतिर्विद्या परिसंस्थेची वाटचाल

भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण एके काळी पुण्यात होती, हे आज पुणेकरांनाही सांगावं लागतं. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’त, प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. १८८८पासून तिचं काम सुरू झालं. भावनगरच्या महाराजांची देणगी, डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडवलेली दुर्बीण आणि तिच्यात २० इंच व्यासाचा आरसा. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला नेगमवाला आपला सरंजाम घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. त्याच ग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर उतरले होते आणि ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या इंग्लंडच्या हौशी संस्थेची तुकडी वऱ्हाडात तळणीला तळ ठोकून होती. तिथे अ‍ॅनी माँडर यांनी घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडळातला लाखो मैल लांबीचा एक झोत उमटला. पोटापाण्याचा धंदा म्हणून नव्हे, तर हौस म्हणून आकाश बघणारी माणसं केवढं काम करू शकतात, याचा हा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत मिळालेला आहे.

१९१२मध्ये नेगमवाला निवृत्त झाले. त्याच वर्षी वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या बळावर उभी राहिलेली वेधशाळा त्या माणसाबरोबर गेली. कोलकात्यातही फारसं वेगळं घडलं नाही. १९१०मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, त्याच वर्षी तिथे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली. पुढाकार घेणाऱ्यांत सरकारी अधिकारी बरेच होते. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांतच ती थंडावली. म्हणून पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा उल्लेख ‘देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था’ असा होतो, तेव्हा ‘आजही चालू असलेली’ हे शब्द मनातल्या मनात घालून वाचावेत. माझ्या मते मोठेपणा त्या न छापलेल्या शब्दांतच आहे. आपली संस्था चालू कशी राहिली, एवढंच मला इथे सांगायचं आहे. संस्थापक, कार्यकारिणी आणि देणगीदार यांच्या याद्यांसाठी स्मरणिकेत वेगळी पानं असतात. त्या इथे पुन्हा देत नाही.

स्थापनेची तारीख २२ ऑगस्ट १९४४. महायुद्ध अजून संपायचं होतं आणि स्वातंत्र्याला तीन वर्षं अवकाश होता. त्या तारखेची एक गंमत मात्र नोंदवल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्थी होती. वर्षातून ज्या एका रात्री चंद्राकडे बघायचं नाही, बघितलं तर चोरीचा आळ येतो अशी घराघरांत ताकीद असते, नेमक्या त्या दिवशी पुण्यात आकाश बघणाऱ्यांची संस्था निघाली! योगायोग म्हणा किंवा पुणेरी खोडसाळपणा. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात, त्यामुळे तारीख आणि तिथी यांची १९ वर्षांनी पुन्हा गाठ पडते. २००१मध्ये आणि २०२०मध्येही २२ ऑगस्टलाच गणपती बसले. नव्या सभासदाला आपली चांद्र-सौर कालगणना समजावून द्यायला इतकं घरचं उदाहरण दुसरं नाही. आणि हिशेबच करायचा तर आणखी एक करून टाकू. हजार चांद्रमास म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, अर्थात ८० वर्षं आणि सुमारे सव्वादहा महिने. म्हणजे २०२५च्या जूनअखेरीस संस्थेचं सहस्रचंद्रदर्शन झालं. पावसाळ्यात ढगाआड गेलेल्या पौर्णिमा त्यातून वजा करायच्या की नाहीत, हे कार्यकारिणीने ठरवावं.

१९४४च्या पुण्याला खगोलाचं वावडं मुळीच नव्हतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६चा. त्याच्या तीन वर्षं आधी टिळकांनी मृगशीर्षाच्या आधाराने वेदकाल ठरवणारा ‘ओरायन’ प्रसिद्ध केला होता. व्यंकटेश बापूजी केतकर पंचांग सुधारण्यासाठी आयुष्यभर गणित करत राहिले. १९११मध्ये त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असले पाहिजेत असं मांडणारा लेख फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणला. १९२८पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघत होतं. म्हणजे वाचणारे, गणित करणारे आणि तावातावाने वाद घालणारे लोक भरपूर होते. पण ते सगळं बरंचसं कागदावरचं आकाश होतं. पंचांगाच्या शुद्धाशुद्धतेवर तासभर भांडणाऱ्याला गच्चीवर नेलं, तर रोहिणी बोटाने दाखवता येईलच याची खात्री नव्हती. आजही नसते. परिसंस्थेने जे काम अंगावर घेतलं ते नेमकं इथलं : माणसाला घराबाहेर काढायचं, मान वर करायला लावायची आणि मग बोलायचं.

पुढची काही दशकं मी भराभर ओलांडतो. १९५४मध्ये टिळक रस्त्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. प्रक्षेपकाच्या साहाय्याने घुमटावर तारे दाखवणारं ते देशातलं पहिलं तारांगण. संस्थेचं कार्यालय आणि वेधशाळा टिळक स्मारक मंदिरात, म्हणजे त्याच रस्त्यावर. ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक उडाला, १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला, १९७३मध्ये कोहूटेक या धूमकेतूने जगभर आधी गाजावाजा करून घेतला आणि नंतर साफ निराशा केली. हौशी संस्थेसाठी अशी प्रत्येक घटना म्हणजे दारात आलेली गर्दी. ती येते आणि ओसरते. तिच्यातून चार माणसं मागे राहिली की संस्थेची आणखी पाच-दहा वर्षांची बेगमी होते.

ही चार माणसं मागे राहतात ती दुर्बिणीसमोरच्या रांगेतून. जाहीर आकाशदर्शन ज्याने एकदा तरी चालवलं आहे, त्याला ती रांग पाठ असते. पुढे मुलं, त्यांच्या मागे त्यांना घेऊन आलेल्या आया, आणि कडेला हाताची घडी घालून उभे असलेले, ‘मी फक्त सोबत आलोय’ असं सांगणारे बाबा. शनी दाखवायचा असला की हमखास कोणीतरी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन बघतं, आत चित्र चिकटवलंय का म्हणून. हे संशय घेणारे लोक मला फार आवडतात. त्यांनाच पुढच्या कार्यक्रमाची तारीख आधी सांगावी. हात न लावता बघायचं, डोळा नेत्रिकेच्या फार जवळ न्यायचा नाही, दुसरा डोळा मिटला नाही तरी चालतो, या सूचना स्वयंसेवक एका संध्याकाळी कितीदा देतो याची गणती नाही. त्यातच ट्रायपॉडला कोणाचा तरी पाय लागतो, शनी निसटतो आणि रांग थांबते. २०२५मध्ये आणखी वेगळी पंचाईत झाली. शनीची कडी आपल्याला कडेवरून दिसायची वेळ आली आणि वर्षभर ती सुईसारखी बारीक झाली. सुमारे १५ वर्षांतून एकदा येणारा हा प्रसंग जाणत्यासाठी पर्वणी असतो. रांगेतल्या माणसाला मात्र आपण फसवले गेलो असंच वाटतं. अशा वेळी स्वयंसेवकाच्या खिशात एक बांगडी असावी. ती आडवी, तिरपी आणि नेमकी कडेवरून दाखवली की अर्ध्या मिनिटात काम होतं.

दुसरा ठरलेला प्रश्न चंद्राचा. ‘यातून झेंडा दिसतो का?’ नाही, दिसत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून पुढच्याला बोलावणारा स्वयंसेवक अर्धंच काम करतो. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तिथली मीटरभराची वस्तू ओळखू यायची असेल, तर दुर्बिणीचा आरसा साधारण पाव किलोमीटर व्यासाचा लागेल. आपला आरसा आठ इंची. हे आकडे ऐकून एखादं पोर म्हणतं, ‘मग एवढा मोठा करत का नाहीत?’ त्याच्याशी मात्र रांग संपल्यावर निवांत बोलावं. ते पोर पुढे टिकतं.

तिसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो : ‘माझी रास कोणती ते यातून कळेल?’ इथे टिंगल करायची नाही, हा हौशी मंडळांतला अलिखित नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. रास आकाशात दाखवावी. वृश्चिकेचा आकडा आणि त्यातली लालसर ज्येष्ठा दाखवावी. आणि पत्रिकेचं काय, असं विचारलं तर डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यातच केलेली चाचणी सांगावी. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकारी तिच्यात होते. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला ४० पत्रिका होत्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५०च्या आसपास आली असती.

नारळीकरांचं नाव निघालं की त्यांचा आणखी एक प्रघात आठवतो. स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करणाऱ्या मुलांना ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल, असं सांगत. आणि उत्तर येत असे. १९८८मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली, नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या आणि २००६मध्ये जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आली. नेगमवालांबरोबर गेलेलं वैभव पुण्याला शतकाने परत मिळालं, म्हणायला हरकत नाही. धंदेवाईक खगोलशास्त्रज्ञ शेजारी राहायला आले म्हणजे हौशी संस्थेची गरज संपेल, असं एखाद्याला वाटलं असतं. झालं उलटं. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी आयुका आणि खोडदला लोटणाऱ्या गर्दीला वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आकाश दाखवायला कोणीतरी लागतंच. २० मे २०२५ला नारळीकर गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत प्रयोगशाळेचं तोंडही न पाहिलेले किती तरी लोक होते. पोस्टकार्ड पाठवणारी मुलं आता पन्नाशीत आहेत.

ग्रहणं हा आपल्या इतिहासाचा वेगळा भाग आहे. १६ फेब्रुवारी १९८०ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारच्या बाजूने शिरून रायचूरमार्गे ओडिशाकडे गेला. महाराष्ट्रात ग्रहण खंडग्रास असलं तरी मोठं होतं. त्या दुपारी शहरांतले रस्ते ओस पडले, खिडक्या बंद झाल्या. ग्रहण बघायला बाहेर पडलेला माणूस तेव्हा मूर्ख तरी ठरायचा किंवा पापी तरी. २४ ऑक्टोबर १९९५चं ग्रहण आलं तेव्हा मधली १५ वर्षं वाया गेली नव्हती, असं दिसलं. जेमतेम महिन्यापूर्वी, २१ सप्टेंबरला, सगळा देश गणपतीला दूध पाजायला देवळापुढे उभा होता. आणि ऐन दिवाळीत त्याच देशातले हजारो लोक ग्रहण-चष्मे घेऊन नीम का थाना, फतेपूर सिक्री, डायमंड हार्बर अशा ठिकाणी जेमतेम मिनिटभराच्या खग्रास स्थितीसाठी पोचले. दूरदर्शनने ते थेट दाखवलं. एवढा पालट एका कार्यक्रमाने होत नाही. काजळी धरलेली काच नको, एक्स-रेची फिल्म नको, वेल्डिंगची १४ नंबरची काच चालेल, सर्वांत चांगलं म्हणजे दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रतिमा पाडा, हे शाळाशाळांतून वर्षानुवर्षं सांगत फिरणाऱ्या बिनपगारी लोकांचा त्यात वाटा होता. गर्भवती बायकांबद्दलची भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. तिथे व्याख्यानापेक्षा एखाद्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन ग्रहण बघणं जास्त उपयोगी पडतं.

आणि आता पावसाळ्याबद्दल. मराठी हौशी निरीक्षकाचं खरं वैर राहू-केतूंशी नाही, जुलै-ऑगस्टशी आहे. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले ते १६ ते २२ जुलै १९९४ला. विसाव्या शतकातलं भारतातलं शेवटचं खग्रास ग्रहण ११ ऑगस्ट १९९९ला, तेही ढगाळ गुजरातेत. मंगळ हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, आला तो २७ ऑगस्ट २००३ला. सुरत-इंदूर-पाटण्याच्या पट्ट्यातलं २२ जुलै २००९चं ग्रहण बहुतेकांनी ढगाखालीच भोगलं. २०२०चा निओवाइज धूमकेतू जुलैत आला, तोही टाळेबंदीत. ययातीचा प्रसिद्ध उल्कावर्षाव दरसाल १२ ऑगस्टच्या सुमारास येतो आणि दरसाल आपण त्याचे फोटो युरोपातल्या लोकांकडून बघतो. त्या २००३च्या मंगळाने एक कायमची डोकेदुखीही मागे ठेवली. ‘या ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार’ ही थाप तेव्हा ई-मेलने निघाली. पुढे ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्थायिक झाली आणि अजूनही अधूनमधून ऑगस्टात उगवते. कार्यकर्त्याचा फोन त्या आठवड्यात वाजतच राहतो.

पण पावसाळा हा संस्थेचा शाळेचा हंगामही आहे. आकाश बंद असतं तेव्हा वर्ग, व्याख्यानं, स्लाइड-शो, नकाशे वाचायचा सराव चालतो. प्राथमिक अभ्यासक्रमाला आलेला माणूस विषुववृत्त, क्रांतिवृत्त, होरा, क्रांती या शब्दांना आधी बिचकतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा माळावर गेला की त्याचे वर्गातले आणि आकाशातले धागे जुळतात. शून्य सावलीचा दिवस हेही शाळांसाठी उत्तम निमित्त. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस अशा दोन दिवशी पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली जाते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्या दिल्लीकरांना ही चैन नाही. जुलैतला दिवस अर्थातच ढगांच्या स्वाधीन, मेमधल्या दिवसाला शाळांना सुट्टी. तरीही सोसायटीच्या आवारात, ग्रंथालयासमोर, बागेत दहा-वीस मुलं जमतात आणि काठी रोवून बसतात.

ज्या धूमकेतूवर संस्था वाढल्या, तो हॅलेचा. ९ फेब्रुवारी १९८६ला तो सूर्याजवळून गेला आणि उत्तर गोलार्धातल्या लोकांना त्याने फार थोडं दिलं. पहाटे उठून, दक्षिण क्षितिजावर, अंधार असेल तर एक पुसट डाग. तरी त्याच्या निमित्ताने दुर्बिणी विकत घेतल्या गेल्या, काही घडवल्या गेल्या, मराठी वर्तमानपत्रांत आकाशावरची सदरं सुरू झाली. मुंबईतल्या खगोल मंडळाचा जन्म त्याच काळातला. त्याचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम पुढे मुंबई-ठाण्याच्या एका पिढीला परिचयाचे झाले. खरा दानशूर धूमकेतू ११ वर्षांनी आला. १९९७च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप संध्याकाळी वायव्येला, शहरातल्या गच्चीवरूनही, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याला दुर्बिणीची, रांगेची, कशाचीच गरज नव्हती. दाखवणाऱ्याने फक्त बोट दाखवायचं. इतकं सोपं काम हौशी मंडळांना त्यानंतर मिळालेलं नाही.

शहराचं आकाश दिव्यांच्या उजेडाने फिकं पडलं, तशी संस्था माळावर गेली. पुण्याच्या दक्षिणेला नसरापूरच्या बाजूचे रात्रभराचे कार्यक्रम ही आता परंपराच आहे. हंगाम नोव्हेंबर ते मे, रात्र अमावास्येच्या आसपासच्या शनिवारची. संध्याकाळी दुर्बिणी मांडायच्या, ध्रुवावर अक्ष जुळवायचा, उजेड असेतो जेवण उरकायचं. मग मोबाइल खिशात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावलेला. अंधाराला डोळे सरावायला किमान २० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी फुकट जातात, म्हणून उशिरा आलेल्या गाडीचे हेडलाइट हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. दहाच्या सुमारास नवखी मंडळी मृग आणि कृत्तिका बघून खूश असतात. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं. आरशावर, नकाशावर, सतरंजीवर, सगळीकडे ओल. तेव्हा अर्धे लोक शालीत गुरफटून झोपतात आणि उरलेल्यांतून उद्याचे कार्यकर्ते निघतात. पहाटे तीनला कुडकुडत दुसऱ्याच्या दुर्बिणीचा गोंधळ सोडवायला जो स्वतःची दुर्बीण सोडून जातो, त्याचं नाव लिहून ठेवावं.

मार्चअखेरीची अमावास्या आली की मेसिए मॅरेथॉन. चार्ल्स मेसिए हा अठराव्या शतकातला फ्रेंच निरीक्षक. धूमकेतू शोधताना फसवणारे अंधुक ठिपके त्याने यादीत टाकले. तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका मिळून आज ती यादी ११०ची झाली आहे. वर्षातल्या या काही रात्रींत सगळे ११० एकाच रात्रीत उरकता येण्याची शक्यता असते. संधिप्रकाशात पश्चिमेला बुडणाऱ्या एम ७४ आणि एम ७७ पासून सुरुवात. तिथेच निम्मे गारद होतात. रात्री उशिरा सिंह आणि कन्या यांच्यामधला दीर्घिकांचा घोळका लागतो, त्यात आपण कुठल्या ठिपक्यावर आहोत हे जुन्या खोडांनाही कळेनासं होतं. शेवटचा एम ३० उजाडता उजाडता पूर्वेला, तो मिळाला तर मिळाला. संगणकावर चालणारी दुर्बीण असेल तर यात काही मजा नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते तरुण सभासदांना मान्य नाही. गंमत अशी की नरतुरंगातला सर्वांत देखणा गोलाकार तारकागुच्छ, ओमेगा सेंटॉरी, यादीत नाहीच. मेसिएने बघितलं पॅरिसहून. तिथून तो क्षितिजावर येतच नाही. साडेअठरा अक्षांशावरच्या पुण्यातून तो चांगला २४ अंश वर येतो, म्हणून नसरापूरच्या मॅरेथॉनमध्ये त्याला एकशेअकरावा मान द्यायला कोणाची हरकत नसावी.

दुर्बिणींबद्दलही दोन शब्द. विकतची दुर्बीण परवडत नसे त्या काळात, आणि परवडू लागल्यावरही, हौशी मंडळांत आरसा घासायची एक शाखा कायम राहिली. दोन काचा एकमेकींवर, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि तासन्‌तास हात पुढेमागे. घरचे वैतागतात. पूड बारीक बारीक होत जाते, मग राळेच्या थरावर पॉलिश, मग फूको चाचणी. शेवटी पृष्ठभागात केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढीही चूक उरता कामा नये, आणि हे सगळं हाताने. असा आरसा ज्या साध्या लाकडी खोक्यात आणि फिरत्या पाटावर बसवतात, त्याला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हे रामकृष्ण संघाच्या कॅलिफोर्नियातल्या मठात संन्यासी होते. दुर्बिणींच्या नादापायी १९६७मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर त्यांची मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागली. आपल्याकडे माळावर मांडलेल्या अनेक दुर्बिणी त्याच घराण्यातल्या आहेत.

एक तक्रार नेहमी ऐकू येते, की या संस्था दाखवण्यातच गुंततात, निरीक्षणाची शिस्त उरत नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधा गोविंद चंद्र यांनी घरच्या दुर्बिणीतून चलताऱ्यांच्या, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या, ३७,०००हून अधिक नोंदी केल्या आणि अमेरिकेतल्या चलतारा निरीक्षक संघाने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. असं काम रांग सांभाळत होत नाही. पिधानाच्या, म्हणजे चंद्राआड तारा जाण्याच्या, वेळा, सौरडागांची रोजची मोजणी, उल्कांची गणना, लघुग्रहांसाठी छायाचित्रं तपासणं ही कामं एकट्याने, नेटाने करायची आहेत. आज एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या वेधशाळांकडेही नव्हते असे डिटेक्टर हौशी माणसाच्या हातात आहेत, तेव्हा सबबही उरलेली नाही. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की नेगमवालांची वेधशाळा निरीक्षणात कमी पडली म्हणून बंद झाली नव्हती. तिच्यामागे रांग नव्हती.

दिव्यांचा प्रश्न मात्र रांगेने सुटणारा नाही. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. त्यांच्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो आणि आकाश आणखी दुधाळ होतं. नसरापूरला उत्तरेकडून पुणं आणि दक्षिणेकडून शिरवळची औद्योगिक वसाहत दाबत येते आहे. दक्षिणेचा उजेड वाढला की पहिला बळी जातो तो त्याच ओमेगा सेंटॉरीचा. यापुढचं लोकशिक्षण ताऱ्यांचं कमी आणि दिव्यांचं जास्त करावं लागेल : दिव्याचं तोंड खाली, वर झाकण, नको तेव्हा बंद. महापालिकेच्या विद्युत विभागाला शनी दाखवायची एक रात्र राखून ठेवायला हवी.

पुढची मोठी निमित्तं ठरलेली आहेत. २० मार्च २०३४चं खग्रास ग्रहण भारतात काश्मीर-लडाखच्या बाजूने जाईल, म्हणजे मोहीम थंडीची आणि खर्चाची. त्याआधी २१ मे २०३१ला केरळ-तामिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसणार आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात केरळच्या किनाऱ्यावर पावसाचे ढग जमायला लागलेले असतात. तेव्हा मोहीम घाटाच्या अलीकडे न नेता पलीकडे, मदुराईच्या कोरड्या बाजूला न्यावी, असं माझं मत आहे. रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीचे दिवस आहेत, गाड्या भरलेल्या असतील.